वंशावळीतली जोआना

वटार गावच्या उर्सुलाबाई तुस्कानो शाळेतून निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांचा नवरा ऑगस्टीन गेला. पुढे तीन वर्षांनी जोआना गेली, रक्ताच्या कॅन्सरने, सव्विसाव्या वर्षी. जोआना त्यांची एकुलती मुलगी. सिस्टरांच्या अनाथाश्रमातून दत्तक आणली तेव्हा सात महिन्यांची होती.

घर रिकामं झालं. तेव्हा धाकटे दीर स्टॅनी यांनी कुळाची वंशावळ छापायचं मनावर घेतलं आणि वहिनींचं अक्षर सुंदर म्हणून लिखाणाचं काम त्यांना दिलं. वर्षभर उर्सुलाबाई चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्यांतून नावं उतरवत होत्या. कोण कुणाचा, कधी जन्मला, कधी वारला. त्या कामात त्यांना जरा बरं वाटायचं.

नोव्हेंबरात कुळाचं संमेलन झालं आणि घरोघरी पुस्तक वाटलं गेलं. उर्सुलाबाईंनी आपलं पान उघडलं. ऑगस्टीन आणि उर्सुला, आणि खाली एकच शब्द होता: निःसंतान. जोआनाचं नाव त्यांनी स्वतः लिहून दिलं होतं. ते शेवटच्या तपासणीत स्टॅनींनी काढलं होतं. विचारल्यावर ते म्हणाले, वंशावळ म्हणजे रक्ताचं नातं, त्यात भावनेचा प्रश्न नाही. उर्सुलाबाई पुस्तक घेऊन परतल्या. आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही.

सतरा डिसेंबरला चर्चमधल्या सकाळच्या मिस्साला मत्तयच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ वाचली गेली. अब्राहामापासून एकेक नाव येत गेलं. लोक चुळबुळत होते. उर्सुलाबाई मात्र एकेक नाव ऐकत होत्या. शेवटी येशूला वाढवणाऱ्या योसेफाचं नाव आलं तशा त्या ताठ बसल्या.

मिस्सा संपल्यावर त्या तशाच दिरांच्या घरी गेल्या. स्टॅनी ओटीवर चहा पीत होते.

"भाऊजी, येशू योसेफाच्या रक्ताचा होता का?"

स्टॅनींनी कप खाली ठेवला. "नाही."

"मग मत्तयने सगळं कूळ योसेफापर्यंत कशाला आणलं? तुमच्या हिशेबाने योसेफही निःसंतानच."

स्टॅनी हळूच म्हणाले, "पुस्तकं वाटून झाली, वहिनी."

पुढच्या रविवारी ते उरलेल्या अकरा प्रती घेऊन वहिनींकडे आले. शाईचं पेनही आणलं होतं. प्रत्येक प्रतीतला तो शब्द त्यांनी स्वतः पट्टी धरून खोडला आणि पुस्तक वहिनींपुढे सरकवलं. उर्सुलाबाईंनी नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. मृत्यूच्या रकान्यापाशी हात थांबला. स्टॅनींनी पेन घेतलं आणि ती तारीख त्यांनी लिहिली, अकराही वेळा.

बाकीच्या दोनशे घरांत ऑगस्टीन तुस्कानो अजून निःसंतानच आहे.