सरांचा नवा गुडघा

सकाळी खिडकीतून पाहिलं, तर समोरच्या बागेत आमचे जोशीसर चोरासारखे चालत होते. दोन पावलं टाकायची, थांबायचं, झाडाकडे मान वर करायची आणि पुन्हा दोन पावलं. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, बाकावरून पहारा देत होत्या.

पळस फुलला की आम्ही पाच मित्र पक्षी पाहायला जंगलात जातो. यंदा सरांचा गुडघा बदलला आणि वहिनींनी त्यांना पाठवायला नकार दिला. वहिनींची खात्री पटावी म्हणूनच ही तालीम चालली होती. रदबदली करायला मी खाली उतरलो.

"डॉक्टरांनी यांना हळू चालायला सांगितलंय," वहिनी म्हणाल्या.

"आम्ही तीन तासांत एक किलोमीटर जातो, वहिनी. गुरंसुद्धा आम्हाला मागे टाकतात."

"मग भल्या पहाटे उठून पोचायचं कुठे असतं?"

खरंच, कुठेच नाही. जन्मभर बस आणि बढती गाठायला धावलेली आम्ही माणसं, एक पिवळाधमक हळद्या पानाआडून बाहेर येईल म्हणून अर्धा अर्धा तास श्वास रोखून उभी असतो. तो आला नाही, तरी कुणी रागावत नाही. असं शहाणपण घरी का टिकत नाही, कोण जाणे.

वहिनींची नजर सरांच्या पावलांवर होती.

"लग्न झाल्यापासून हे रस्त्यात माझ्या पुढेच चालत आलेत," त्या म्हणाल्या. "तिथे या चालीने जाणार असतील, तर माझंही नाव घाला."