भाची रेडी

त्या नर्सशी मी भांडायला नको होतं, पण तेव्हा मला अक्कल कुठं होती? अजून फिनेलचा वास आला की कोल्हापूरचा तो दवाखाना आठवतो. तीस वर्षं झाली.

लेक दोन दिवस कळा सोसत होती. शेवटी तिचा आवाजच येईनासा झाला. माझा पोरगा, होणारा मामा, झबलं घेऊन दाराशी उभा. इतक्यात शहरातली नर्स हसत बाहेर आली. "मामा, भाची रेडी!"

मी हबकलेच. आमच्याकडं रेडी म्हणजे म्हशीचं पिल्लू! पदर खोचून ओरडले, "रेडी कुणाला म्हणतीस गं भवाने?"

मामाचा आ वासलेला. मग आतून लेकीचा दमलेला आवाज आला, "आई, पोरगी तयार हाय म्हणत्यात त्या. आणि ती रेडी असली तर म्हस मी, मग तू कोण गं?"