सुमेधाकाकूंचा गुरुवार

सुमेधाकाकू अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात गुरुवारच्या भजनाला यायच्या बंद झाल्या, तेव्हा लोकांनी आधी त्यांच्या गुडघ्यांवर संशय घेतला. मग मंडळाच्या सीमाने त्यांची गाडी ॲन आर्बरला एका कॉलेजच्या पार्किंगमध्ये पाहिली. गुडघे निर्दोष सुटले आणि फोन तापले. "या वयात कॉलेज? आणि काका घरी एकटे!"

खरी गोष्ट साधी होती. फेब्रुवारीत गिरीशकाकांचे डोळे तपासायला दोघं ॲन आर्बरला गेली होती. डॉक्टरांना उशीर होता. काकू पाय मोकळे करायला निघाल्या, थंडीने कान गळायची वेळ आली, तेव्हा समोर जे दार उघडं दिसलं त्यात घुसल्या. आत कॉलेजच्या मुलांची तालीम चालू होती. पन्नासएक पोरं, जवळजवळ सगळी फुंकून वाजवणारी. बासऱ्या, क्लॅरिनेट, पितळेचे कर्णे, मागे ढोल. 'वरातीचा बँड,' काकूंनी मनात निकाल दिला, आणि ऊब आहे म्हणून शेवटच्या रांगेत बसल्या.

पहिल्यांदा किळसच आली. टेस नावाची एक पोरगी आपला वळणावळणांचा कर्णा उलटा करून आतलं पाणी खाली जमिनीवर टिपकवत होती. पाणी म्हणायचं आपलं, तोंडातलंच की ते! मग तिची वाजवायची पाळी आली आणि वरचा सूर असा फाटला, की कोंबडीवर कुणाचा तरी पाय पडावा. काकूंनी डोळे मिटून घेतले. आता हसणार सगळे.

कुणी हसलं नाही. तालीम घेणाऱ्या हॅलोरनबाई नुसत्या म्हणाल्या, "अगेन, प्लीज."

पुन्हा फाटला. "अगेन." पुन्हा फाटला. "अगेन." मग एकदाचा सूर स्वच्छ आला आणि आजूबाजूची पोरं जमिनीवर पाय घासायला लागली. काकू भडकल्या. बिचारीला पाय दाखवतात? चहाच्या सुट्टीत त्यांनी टेसला गाठून विचारलंच. पोरगी हसली. म्हणाली, "ती शाबासकी होती. वाद्यं धरल्यावर टाळी कशी वाजवणार आम्ही?"

परतताना गाडीत काकूंनी ती पायांची शाबासकी काकांना दोनदा सांगितली. मंडळाच्या गणपतीत त्यांनी एकदा नाट्यगीत म्हटलं होतं. तिसऱ्या ओळीला आवाज चिरकला. त्याला इतकी वर्षं झाली, की तेव्हा रांगणारी पोरं आता हार्ट सर्जन झालीत. तरी दर गणपतीत कुणीतरी विचारतंच, "काकू, यंदा गाणार का? कापूस आणतो." तेव्हापासून काकू भजनात फक्त झांज वाजवत. झांजेचा आवाज चिरकत नाही.

दर गुरुवारी त्या जायला लागल्या. काकांनी विचारलं, "आपलं कोण आहे गं त्या बँडमध्ये?"

"कुणी नाही. म्हणून तर जाते."

एप्रिलात विघ्न आलं. हॅलोरनबाई मागच्या रांगेपर्यंत चालत आल्या, बसल्या, आणि फार गोड बोलून म्हणाल्या, की पुढच्या गुरुवारी रेकॉर्डिंग आहे. तुम्ही मांडीवर ताल धरता ते आम्हाला आवडतं, पण तुमच्या हातातलं सोनं माइकमध्ये वाजतं. ते काढून याल का? नाहीतर एवढा गुरुवार...

लग्नातल्या पाटल्या त्या. हाताचे सांधे सुजून सुजून जाड झालेले. साबण झाला, खोबरेल तेल झालं, दोरा गुंडाळून झाला. पाटल्या हलेनात. काकूंनी चुकून सीमाला उपाय विचारला, आणि तिला आयतंच सापडलं. "अहो काकू, एक गुरुवार कॅन्सल करा ना! भजनाला या. झांज वाट बघतेय तुमची."

काकूंनी फोन ठेवला आणि काकांना गॅरेजमध्ये बोलावलं. "कापा."

गिरीशकाकांनी जन्मभर मोटारींचे सुटे भाग कापले, पण त्या दिवशी कटर हातात घेऊन उभेच राहिले. "नवरा जिवंत असताना हात बोडके? लोक काय म्हणतील?"

"सांगीन, नवऱ्यानेच केले. आणि एक गुरुवार सोडला ना, की सीमा मला पुढचा मिळू देणार नाही. कापा म्हणते ना!"

काकांनी पाटलीखाली चमच्याचा दांडा सरकवला. "हलू नकोस हं. सत्तरीतली बायको बदलून मिळत नाही." ठिणग्या उडाल्या. काकूंनी पापणी लववली नाही.

गुरुवारी त्या आपल्या खुर्चीवर बसल्या. मांडीवर ताल चालू, आवाज शून्य. ऐन रेकॉर्डिंगमध्ये टेसचा सूर फाटला. "अगेन, प्लीज." दुसऱ्या खेपेला आला, असा आला की काकूंच्या हातावर काटा उभा राहिला. रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला. टेसने वळून मागे पाहिलं. काकूंच्या मनगटांवर पाटल्यांच्या जागी गोरे पट्टे उमटले होते. टेसने पाय घासायला सुरुवात केली, आणि मग सगळ्यांनीच.

लगेच चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं, सीमाच्याच घरी. ते हात बघून तिने हिरव्या बांगड्यांचा डबाच आणला. "आधी भरा बाई! बरं दिसत नाही."

"काचेच्या तर जास्तच वाजतात गं."

"मग वाजवू नका, गा!" मागून कुणीतरी टोला हाणला. बायका हसल्या.

काकूंनी आंबेडाळीची वाटी खाली ठेवली आणि खरंच गायला लागल्या. तेच नाट्यगीत. तिसऱ्या ओळीला आवाज चिरकला, अगदी तिथेच. सगळ्या सीमाकडे बघायला लागल्या. सीमाने तोंड उघडलं.

"थांब," काकू म्हणाल्या. "पुन्हा." आणि पहिल्या ओळीपासून धरलं. पुन्हा चिरकला. "पुन्हा."

पलीकडच्या खोलीत बायकोला न्यायला आलेले गिरीशकाका पन्हं पीत बसले होते. त्यांनी पेला बाजूला ठेवला आणि सीमाच्या नव्या कार्पेटवर दोन्ही पाय जोरजोरात घासायला लागले. मोज्यांचा आवाज काही झाला नाही. पण उघड्या दारातून काकूंना ते दिसत होते.