दाजींच्या गाडीचं पासिंग

मला राग लवकर येतो आणि आला की जात नाही. रागानं माणसाचं रक्त आटतं म्हणतात. माझं उलटंच झालं. तीन वर्षं मी दाजींवर दात धरून होते आणि त्या तीन वर्षांत मला साधं पडसंसुद्धा झालं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचा नवरा. राहायचे मंचरला. आमच्या वारूळवाडीच्या घरात जावयाचा मान देव्हाऱ्याच्याही जरा वर. ते आले की माझा नवरा खुर्ची सोडून उठायचा, सासूबाई पदर सारखा करायच्या आणि मी चुलीपुढे बसायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं, पण आमच्या घरात अजून कळलं नव्हतं.

दाजींकडे एक गाडी होती. पुण्याच्या कुणा हौशी माणसानं बायकापोरांना घेऊन हिंडण्यासाठी ती बनवून घेतली होती. आत घडीचे दोन पलंग, गॅसपुरता ओटा, भांड्यांचं कपाट, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. दाजींनी ती त्याच्याकडून उचलली आणि अष्टविनायकाला जाणाऱ्यांना भाड्यानं देऊ लागले. मी ती पहिल्यांदा पाहिली आणि माझा जीवच जडला. श्रावणात भीमाशंकरला जायचं, गाडीतच राहायचं आणि उपासवाल्यांना शाबूची खिचडी नि चहा विकायचा, हे माझ्या डोक्यात केव्हापासून होतं. तिथल्या पावसात पाल टिकत नाही, वारा बांबूसकट उचलून नेतो. ही गाडी म्हणजे छप्पर, चूल आणि अंथरूण एका ठिकाणी.

दाजींना हे कळायचाच अवकाश. ते म्हणाले, "मग घ्या की वहिनी. पैशाचं काय घेऊन बसलात? तुमच्या दोन म्हशी द्या, घरच्या घरात ऱ्हातील."

त्या दोन म्हशी माझ्या माहेरच्या. एकीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता आणि ती मी सोडून कुणाला कासेला हात लावू देत नसे. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. तरी मी कबूल झाले, पण एक अट घातली. म्हटलं, गाडीचं मागचं पासिंग कुठल्या गॅरेजनं करून दिलंय तिथं जाऊन जरा चौकशी करू. मग सौदा.

घरात जणू मी शिवी दिली. नवरा म्हणाला, "जावयाची गाडी तपासायची? उद्या ताईला तिथं तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?"

सासूबाई म्हणाल्या, "धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत."

धर्माची गाय असती तर मीही मोजले नसते. इथं दोन दुभत्या म्हशी जात होत्या. पण माझं कोण ऐकतंय? दाजींनी आरटीओच्या पासिंगचे सगळे कागद ओसरीवर मांडले. "बगा, दरसालचं पासिंग. एकदाबी नापास न्हाई." कागद खरे होते, शिक्के खरे होते. टायर काळेभोर नवे होते. म्हशी टेंपोत चढल्या. ठिपकेवाली मागे वळून हंबरली आणि दाजींनी जाता जाता हॉर्न वाजवून दाखवला. काय तो हॉर्न! अर्धं नारायणगाव ऐकेल असा.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्टँडजवळचा गॅरेजवाला जॅक आणि पाने घेऊन दारात आला. "वहिनी, टायर न्यायला आलोय."

"कुणाचे टायर?"

"आमचे. पासिंगचे. दाजींनी सांगितलं न्हाई व्हय?"

आमच्या भागात ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. गॅरेजवाल्याकडे चांगल्या टायरांचा एक संच असायचा. ज्याच्या गाडीचं पासिंग असेल तो ते भाड्यानं चढवायचा, शिक्का घ्यायचा आणि परत आणून द्यायचा. निम्म्या गाड्या दुसऱ्याचे बूट घालून शाळेत जाऊन यायच्या. माझा नवरा टोमॅटोच्या पिकअपवर ड्रायव्हर होता, त्यानं स्वतः असे बूट दहा वेळा चढवले असतील. फक्त जावयाची गाडीही तेच करत असेल असं मनात आणणं त्याला पाप वाटलं.

गॅरेजवाल्यानं टायर काढले. मग बॅटरी काढली, तीही त्याचीच. मग पुढचे दोन दिवे. चारी बाजूंनी दगड लावून गाडी त्यांवर टेकवली. मी आत चढले तर ओट्यापाशी पाय भसकन खाली गेला. अंथरलेल्या रेक्झिनखाली पत्राच नव्हता, गंज होता.

"मग ह्यात आमचं काय हाय?" मी ओरडले.

तो बिचारा प्रामाणिक होता. त्यानं खरंच आत-बाहेर नजर फिरवली आणि म्हणाला, "हॉर्न तुमचा हाय, वहिनी. त्यो दाजींनी सोताच्या हातानं बसवलाय."

त्या श्रावणात मी घरीच होते. पुढच्याही. टायर घ्यायचे तर दूध विकून, आणि दूध मंचरला. गाडीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. नवरा म्हणायचा, जाऊ दे, ताईचा संसार आहे. मी जाऊ दिलं नाही. नणंदेकडे गेलं की दाजी मला मुद्दाम चहा पाजायचे आणि म्हणायचे, "घ्या वहिनी, घरचंच दूध." गोठ्यातून ठिपकेवाली माझा आवाज ओळखून हंबरायची. वर प्रत्येक लग्नात, प्रत्येक जागरणात दाजी चारचौघांत सांगायचे, "गाडी एक नंबर व्हती राव. ह्यांना वापरता आली न्हाई."

मी ओझरला गेले. लोक विघ्नहराकडे विघ्न दूर कर म्हणून येतात. मी हात जोडून म्हटलं, माझं राहू दे, पण त्या माणसाच्या वाटेत एक टाक. चांगलं मोठं टाक.

देवानं ऐकलं. तिसऱ्या वर्षी पुण्याची काही माणसं वाट चुकून आमच्या दारात आली. ती गाडी बघून वेडीच झाली. शेतावर पाहुण्यांसाठी हॉटेल काढायचं होतं त्यांना, तिथं अशी गाडी हवी होती म्हणे. फोटो काढले, विकणार का विचारलं, आणि गेली ती गेलीच. मी नणंदेला फोन करून एवढंच सांगितलं. शब्द खोटा नाही. ती गेलीच, तेवढं सांगायचं राहिलं. संध्याकाळी दाजींचा निरोप आला, धोंड्याच्या महिन्याचं जेवायला येतो.

मी गॅरेजवाल्याला बोलावलं. टायर चढले, बॅटरी बसली, दिवे लागले. गंजावर नवं रेक्झिन आलं. गाडीचं रीतसर पासिंग झालं, ताजा शिक्का बसला. गॅरेजवाला हसत म्हणाला, "वहिनी, तुमीबी?" म्हटलं, मीबी.

जेवायला सगळी भावकी होती. पुरणाचे धोंडे वाढले, तुपाची धार सोडली. चौथा धोंडा पानात पडल्यावर दाजी म्हणाले, "ते लोढणं दारात कशाला ठेवता? मीच नेतो परत."

"न्या की," मी म्हटलं. "म्हशींवर घेतली व्हती, म्हशींवरच द्यायची. ठिपकेवाली, आणि दुसरीच्या बदल्यात ठिपकेवालीची पारडी. आधी म्हशी दारात येऊ द्या, मग चावी."

नवऱ्यानं डोळे वटारले. दाजी हसून कबूल झाले, आणि मग मी, देवाशपथ, त्यांना एक संधी दिली. सगळ्यांसमोर म्हटलं, "पर दाजी, एकदा तपासून घ्या. मागचं पासिंग कुणी करून दिलं, इचारून या गॅरेजात."

भावकी दाजींकडे बघू लागली. तीन वर्षं जिला एक नंबर म्हटलं, त्या गाडीखाली कुणासमोर वाकणार?

"माझीच गाडी," ते म्हणाले. "मी काय तपासू?"

दुसऱ्या दिवशी म्हशी आल्या. पारडी पहिल्या वेताला आली होती, आईसारखीच आडमुठी. दाजी गाडीत बसले, वेशीपर्यंत हॉर्न वाजवत गेले. मी गॅरेजवाल्याला मंचरचा पत्ता समजावून सांगितला.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा मी धारेला बसणार होते. पलीकडून दाजींचा आवाज इतका बारीक आला की आधी मला नणंदच वाटली.

"वहिनी, त्यो टायर घेऊन गेला. बॅटरी बी. दिवं बी. मग ह्यात माझं काय ऱ्हायलं?"

हे वाक्य मी तीन वर्षं जपून ठेवलं होतं. घाई केली नाही.

"हॉर्न तुमचा हाय, दाजी," मी म्हटलं आणि फोन ठेवला. ठिपकेवाली पान्हवली होती, तिला ताटकळत ठेवणं बरं नव्हतं.