हेप्सीबाईतली 'बाई' कुठून आली?

१९६३च्या हिवाळ्यात मी इस्रायलला गेले ती काही हौसेने नव्हे. धाकटी बहीण रूथ लोदला राहायची. तिचं लग्न ठरलं होतं, पण नोंदणीच्या कचेरीने आमची आई यहुदी असल्याचा कागद मागितला होता. आईबाबांचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, वाळवीने खाल्लेला. उरलं होतं एकच पत्र, 'नर्स हेप्सी यहुदी आहे' असं लिहिलेलं, आई नर्स होती त्या इस्पितळाच्या इंग्रज मेट्रनचं. तेच उराशी धरून मी ठाण्याहून निघाले.

कचेरी यरुशलेमला, लोदहून बस. जाल तेव्हा खिडकी पकडा आणि स्वेटर विसरू नका, डोंगर लागला की दात वाजतात. रस्त्याकडेला अठ्ठेचाळीसच्या लढाईतल्या जळक्या गाड्यांचे सांगाडे तसेच पडले होते. स्टँडवर रोटीत भरलेले फलाफल घेतले. आपल्या भज्यांचे भाऊच! पण रूथने घास नुसताच हातात धरला.

"ताई, आज नाही म्हणाले तर?"

"गप गं! आधी खा," मी खेकसले.

कचेरीतल्या दाढीवाल्या साहेबांनी पत्र वाचून चष्मा काढला. इंग्रजीत म्हणाले, "हेप्सी? हे तर मडमेचं नाव. आई ख्रिस्ती होती का?"

रूथ पांढरीफटक पडली. माझं डोकंच फिरलं. "मडम कसली? अख्खी आळी तिला हेप्सीबाई म्हणते!"

"काय? परत म्हणा."

"हेप्सीबाई!"

"हेफ्त्सी-बा!" त्यांनी टेबलावर थाप मारली आणि यशया संदेष्ट्याचं पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. अस्सल हिब्रू नाव. अर्थ, 'हिच्यात माझा आनंद'. इंग्रजांनी ते बायबलातून उचललं आणि लाडाने हेप्सी केलं. म्हणजे बघा, नावातल्या 'बा'ची आम्ही मराठी जिभेने बाई केली, आणि मेट्रनने ती बाई फालतू समजून छाटली!

"नावाने काही सिद्ध होत नाही," साहेब म्हणाले, "पण माझी शंका गेली. आईचं घराणं ओळखणारे दोन जाणते साक्षीला आणा."

लोदमध्ये कोकणातून आलेले आपले यहुदी म्हातारे काय कमी? दुसऱ्या दिवशी शिक्का मिळाला. रूथ भर रस्त्यात रडली, मीही रडले.

लग्न लावून ठाण्याला परतले आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी आईवर तोफ डागली. "अगं, खरं नाव आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कागद मागितलात. नाव कुणी विचारलं?"

"आणि अर्थ? तो ठाऊक होता?"

"न ठाऊक असायला काय झालं? चार मुलींवर मी पाचवी. शेजारणी म्हणाल्या, हिचं नाव नकुशी ठेवा. माझ्या बाबांनी शास्त्र उघडलं आणि हे ठेवलं."