गाळ जमत नसतो

सुखदेवभाऊंच्या समोर 'जमलं' हा शब्द सहज उच्चारायची सोय नव्हती. पहिल्याच भेटीत मी त्यांच्या तावडीत सापडलो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी धामणगाव बढ्याजवळच्या एका तलावावर पुण्याहून आलेला नवा ओव्हरसियर. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या त्या तलावात उभा राहून मी ऐटीत म्हणालो, "बराच गाळ जमलाय की."

शेजारी एक उंच, काटक माळी उभा होता. हेच सुखदेवभाऊ. ते म्हणाले, "साहेब, जमतात थे मानसं. पंगतीले बलावलं की जमतात. गाळ साचते. त्याले कोनी बलावत नाही."

"मग धूळ?" मी डिवचलं.

"धूळ बसते. कीट चढते. साय धरते. लोनचं मुरते. सगळ्यायले एकच शब्द लावला तं मानसाले कसं कळन, काय पुसा लागते, काय खरवडा लागते अन् काय तसंच ठेवा लागते?"

मी खूशच झालो. शाळेत मला असं कोणी शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी वही घेऊन मी त्यांच्या मळ्यात हजर. त्यांच्या पत्नी गंगाकाकू चहा देताना म्हणायच्या, "ह्यायचं आयकून आयकून माह्या कानाले घट्टे पडले, थे बी लिहून घ्या."

मळा तलावाच्या खालच्या अंगाला. तलावातलं पाणी झिरपून त्यांच्या विहिरीला येई. गाळाने तलाव उथळ झाला, विहीर माघातच तळाला जाऊ लागली आणि लागोपाठ दोन वर्षं वांगी ऐन फुलावर असताना वाळली. तलाव उपसला नाही तर मळा मोडावा लागणार होता.

कचेरीत तेव्हा मराठी अहवाल नुकतेच सुरू झाले होते. 'गाळ साचला आहे, काढावा' हा माझा एका ओळीचा अहवाल 'कसला, किती?' असा शेरा घेऊन परत आला. भाऊंनी लगेच तलावात कमरेइतका खड्डा खणला आणि मला आत उतरवलं. "हे चार बोटं रेती पाहा, एका पुरानं लोटलेली. अन् हा पोयटा, वर्षानुवर्षं निवांत बसलेला." मी थरांमागून थर टिपत गेलो. एकूण खोली मात्र अंदाजाने ठोकून दिली, सहा फूट. काम मंजूर झालं तेव्हा मी सायकल हाणत थेट मळ्यात गेलो आणि भाऊंना मिठीच मारली.

गावाची रीत अशी, की गाळ जो वाहून नेईल तो त्याच्या शेताला. त्यामुळे बैलगाड्यांची रांगच लागली. चार फुटांवर पांढरी चिकणमाती लागली आणि लोक आणखीच खुलले. धाब्याच्या घरांच्या मातीच्या छतावर पसरायला, घर गळू नये म्हणून, हीच माती हवी असते. फावडी सपासप चालू लागली. तेवढ्यात भाऊ धावत आले आणि मधोमध फतकल मारून बसले.

"हा गाळ नोहे. हा तळ हाये. आज्या-पंज्यापासून गुरायच्या खुराखाली घट्ट होत आला. हा फोडला तं तलावात पानीच राह्यनार नाही."

"कागदावर सहा फूट आहे," मी म्हणालो. आकडा माझाच होता, म्हणून जरा जास्तच जोरात म्हणालो.

भाऊंनी वाद घातला नाही. एक घागर खणलेल्या जागी ओतली, दुसरी न खणलेल्या पांढऱ्या खळग्यात. एक विडी ओढून होईस्तोवर पहिलं पाणी गडप झालं. दुसरं जागचं हललं नाही. मी काम थांबवलं, उकरलेली माती परत टाकली आणि अख्ख्या गावाची गुरं तिच्यावरून आठ दिवस फिरवली. काय धमाल होती ती! वरिष्ठांनी मात्र 'मंजूर काम अपूर्ण ठेवले' असा ठपका माझ्या सेवापुस्तकात नोंदवला.

पुढच्या चैत्रात भाऊंच्या विहिरीवर मोट चालू होती. मला हाताला धरून विहिरीशी नेत ते म्हणाले, "पाहा साहेब, पाहून घ्या."

नंतर माझी बदली झाली. काही वर्षांनी काकूंनी कोणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं. 'विहिरीले पानी हाये. वांगे लावले. हे गेले.' कचेरीत सगळ्यांच्या देखत मला रडू आवरलं नाही.