विरोधकांचा भोंगा

निवडणुकीत मी अंबडला प्रचाराची रिक्षा चालवत होतो. आठवीतच शाळा सोडलेली, गाव पार कोकणात. हे काम गेलं तर जायचं कुठं, हीच धास्ती. मागं माईक धरून प्रचार करणारे एक म्हातारे काका बसायचे. विरोधकांची रिक्षा समोर आली की आपला आवाज बारीक करायचे, रामराम घालायचे.

"पहिलेच्या निवडणुकीत एका पक्षाची जीप रुतली की दुसऱ्याचे लोक ढकलायचे," ते सांगायचे. "ढकलताना घोषणा मात्र आपल्याच!"

एकदा भर बाजारात विरोधकांचा भोंगा बंद पडला. काकांनी लगेच माईक उचलला. "त्यांची निशाणी कपबशी हाये हो! मत मात्र आमच्या छत्रीलाच द्या!"

आमचा कार्यकर्ता धावत आला. "काका, कुणाचा प्रचार करून राह्यले?"

"तुमचाच. पण त्यांनी मुक्यानं फिरावं, हे बराबर दिसत न्हाई."

"मंग उतरा खाली! ड्रायव्हर, तू बी!"

काका उतरले, पण माईक चालूच. "या पोराला काढू नका हो! लांबचं हाये, शाळा न्हाई, राजकारणातलं त्याला बिलकुल कळत न्हाई!"

बाजार खो खो हसला. कार्यकर्ताही हसला, त्यानं मला राहू दिलं.

माझ्या अडाणीपणाचा एवढा जाहीर प्रचार कुणीच केला नव्हता. मी काकांना हात जोडले.